आयसीयू-कॅज्युअल्टीच्या स्टाफसाठी व्हीआर: हेडसेट, खोली, स्वच्छता, मोजमाप

दुपारपाळी

नमस्कार मंडळी. जिल्ह्याच्या गावचं ट्रस्टचं रुग्णालय, १८० खाटा, त्यात आयसीयू १४. शिवाय कॅज्युअल्टी आणि एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू). स्टाफच्या ताणावर काहीतरी करा म्हणून एका कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी आलाय आणि व्यवस्थापनाच्या मनात व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून चहूबाजूंनी दिसणारं दृश्य) भरलंय. चार हेडसेट घ्यायचे, ड्युटी रूममध्ये ठेवायचे, ज्याला वेळ मिळेल त्याने लावायचे, एवढाच आराखडा सध्या कागदावर आहे. वापरणार मुख्यतः सिस्टर-ब्रदर आणि रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर), जमलं तर मावशी-मामाही (वॉर्डातले मदतनीस).

विचारायचं हे की कोणता हेडसेट, किती, आत काय दाखवायचं, एकाच्या तोंडाचं दुसऱ्याच्या तोंडाला लागतं त्याचं काय, आणि सहा महिन्यांनी ‘उपयोग झाला का’ असं विचारलं तर दाखवायचं काय? विक्रेत्यांचे डेमो बघून झालेत. त्यातल्या एकाने तर ताण घालवायला रोलरकोस्टर दाखवला. त्यामुळे ब्रोशर नको, काम माहीत असलेल्यांनी सांगावं.

---

बायोमेड_कृष्णाकाठ

चार नको, दोन घ्या. हिशोब असा: हेडसेट नीट बसवायला २ मिनिटं, आतलं दृश्य ८, काढल्यावर खुर्चीतच बसून राहायला २, पुसून वाळवायला ३. झाली १५. म्हणजे एका हेडसेटवर तासाला चार माणसं, दोनवर आठ. तासाला आठ माणसं सोडण्याइतका स्टाफ तुमच्याकडे नसणार. तिसरा घेतलाच तर बॅकअप म्हणून कपाटात राहू द्या.

मॉडेल. मेटा क्वेस्ट ३एस स्वस्त पडतो, पण त्यात दोन लेन्समधलं अंतर तीनच खाचांवर बसतं: ५८, ६३ आणि ६८ मिमी. चष्म्याच्या दुकानात ज्याला पीडी म्हणतात ते अंतर ६०-६१ असलेला माणूस मधोमध अडकतो. मग चित्र जरासं धूसर, डोळ्यांवर ओढ, आणि आठ मिनिटांनी कपाळ दुखायला लागतं. लोक म्हणतात व्हीआर सोसत नाही, प्रत्यक्षात खाच चुकलेली असते. क्वेस्ट ३मध्ये चाक फिरवून अंतर सलग बदलता येतं. पन्नास वेगवेगळी डोकी एकच हेडसेट वापरणार असतील तर हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा. बाकी रिझोल्यूशनचे आकडे नंतर बघा. प्रत्येकाची पीडी एकदा मोजून ड्युटी लिस्टशेजारी लावून ठेवली की दर वेळी चाचपडावं लागत नाही.

वजन दोन्हींचं साधारण ५१५ ग्रॅम आणि जवळजवळ सगळं पुढे. सोबत येणारा कापडी पट्टा इथे कुचकामी. सिस्टरचा अंबाडा, वर जाळी, वर कॅप. पट्टा अंबाड्यावरून घसरतो, हेडसेट नाकावर उतरतो, मग माणूस पट्टा आवळतो आणि गालावर लाल वळ घेऊन वॉर्डात परततो. मागे फटीसारखी मोकळी जागा असलेला कडक पट्टा घ्या. अंबाडा त्या फटीतून बाहेर काढायचा आणि खालची पट्टी कवटीच्या खालच्या उंचवट्याखाली बसवायची. तसं बसलं की पुढून आवळावं लागतच नाही. पिको ४ची बॅटरी मागच्या पट्ट्यात असल्यामुळे वजन छान तोललं जातं, पण तो कडक भाग नेमका अंबाड्यावर येतो. केस बारीक असलेल्यांना उत्तम.

चष्मेवाल्यांसाठी लेन्सचं अंतर वाढवा. क्वेस्ट ३मध्ये ती सोय आतच आहे. नाहीतर चष्म्याची काच हेडसेटच्या लेन्सला घासते आणि तो ओरखडा कायमचा.

आता खोली. ‘शांत वाटावं’ म्हणून लाइट बंद करतात, तिथेच गाडं अडतं. हे हेडसेट स्वतःच्या कॅमेऱ्यांनी खोली बघून जागा ओळखतात. अंधार केला की ट्रॅकिंग हरवल्याचा संदेश येतो आणि धबधब्यासमोर बसलेल्या माणसाला एकदम खोलीच दिसते. खोलीत पुस्तक वाचता येईल इतका उजेड हवा. ट्यूबलाइटच्या लुकलुकण्यानेही ट्रॅकिंग थरथरतं. सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करून टाका. मोठा आरसा किंवा काचेची भिंत समोर नको. आणि खिडकीतलं ऊन लेन्सवर पडू देऊ नका, अगदी काही क्षणसुद्धा नाही. लेन्स भिंगासारखी ऊन गोळा करते आणि स्क्रीनवर कायमचा डाग पडतो. ठेवताना लेन्स खाली किंवा झाकलेली.

खुर्ची फिरणारी, हाताची, चाकं लॉक होणारी. रिक्लायनरचा मोह होतो, पण ३६० अंश व्हिडिओत मागे रेललं की समोर आभाळच येतं. बटण दाबून धरून दृश्य रिसेट केलं तरी डावी-उजवी दिशा सुधारते, मानेचा उतार तसाच राहतो. पाठ साधारण १०० अंशांत ठेवा. खोलीत एसी हवा: उपकरण ३५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी आहे आणि मे महिन्यात बंद खोलीत ते तापून पडतं.

कंट्रोलर (हातात धरायचे रिमोट) देऊच नका. दोन जास्तीच्या वस्तू पुसायच्या, त्यात एए सेल, आणि पहिल्यांदा लावणाऱ्याला बटण सापडत नाही. किऑस्क मोडमध्ये एकच अॅप उघडेल असं करून ठेवा. अरबॉरएक्सआर, मॅनेजएक्सआर अशी साधनं त्यासाठीच आहेत. व्हिडिओ उपकरणात उतरवून ठेवा, स्ट्रीमिंगवर विसंबू नका. रुग्णालयाच्या वायफायचं लॉगिन पान हेडसेटमध्ये नीट उघडत नाही आणि अपडेट हमखास सेशनच्या तोंडावर सुरू होतं. आठवड्यातून एक वेळ ठरवून, समोर उभं राहून अपडेट करा.

बॅटरी दोन तासांच्या आसपास चालते, म्हणजे आठ सेशनला पुरते. रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवली तर फुगू शकते.

---

संसर्गनियंत्रण_सिस्टर

कोणती वस्तू किती निर्जंतुक करायची हे ठरवणाऱ्या स्पॉल्डिंगच्या वर्गीकरणात धडधाकट त्वचेला लागणारी वस्तू नॉन-क्रिटिकल. म्हणजे बीपीच्या कफइतकंच निर्जंतुकीकरण पुरेसं. पण कफ कुणी डोळ्यांभोवती गुंडाळत नाही, म्हणून थोडं जास्त.

सोबत आलेला फोम काढून ठेवा, सिलिकॉनचं कव्हर लावा. फोम घाम आणि डोक्याचं तेल पितो आणि पावसाळ्यात पिशवीत बंद राहिला की कुबट होतो. २०२१ मध्ये क्वेस्ट २चा फोम त्वचेला खाज-पुरळ येते म्हणून कंपनीला परत घ्यावा लागला होता आणि उपाय म्हणून सिलिकॉनचंच कव्हर दिलं गेलं. ते विसरू नये.

क्रम सांगते. वापरणारीने आधी हात धुवायचे, वॉर्डातला एप्रन बाहेर, टिकली काढायची. टिकलीचा गोंद कव्हरला चिकटतो, त्यावर केस आणि मेकअप बसतो, आणि तो थर वाइपने निघत नाही. डोक्याला डिस्पोजेबल कॅप, डोळ्यांना कागदी मास्क. वापर झाल्यावर आधी पट्टे, मग सिलिकॉन, मग बाहेरची बाजू, क्वाटर्नरी अमोनियम या जंतुनाशकाच्या अल्कोहोलविरहित वाइपने. पाकिटावर जितकी मिनिटं पृष्ठभाग ओला राहायला सांगितलाय तितकी तो ओलाच राहिला पाहिजे. वाइपची मिनिटं जास्त असतील तर वर बायोमेडने धरलेली ३ मिनिटं पुरणार नाहीत. मग कव्हरचे दोन जादा संच ठेवा आणि आलटून पालटून लावा. पुसून लगेच फडक्याने कोरडं करणं म्हणजे पुसलंच नाही.

लेन्सला यातलं काहीही लावायचं नाही. कोरडं मायक्रोफायबर, मधून बाहेर गोल. स्पिरिटचा बोळा फिरवायची आपल्याकडे हाताला सवय असते, आणि स्पिरिटने लेन्सचा लेप उडतो. मग दृश्य कायमचं दुधाळ. ‘लेन्सला स्पिरिट नाही’ असं हेडसेटच्या डब्यावर आतून लिहा, भिंतीवर नको. हायपोक्लोराइटही (ब्लीच) नको.

यूव्ही-सी (अतिनील किरणांच्या) पेटीचा आग्रह विक्रेता धरेलच. प्रकाश जिथे थेट पडतो तिथेच ती काम करते. पट्ट्याची घडी, कव्हरची खाच सावलीत राहते आणि वर तेलाचा थर असेल तर तिथेही नाही. पुसण्यावर जोड म्हणून चालेल, पुसण्याऐवजी नाही.

डोळे आलेल्यांना सक्त मनाई, आणि घरात कुणाचे आले असतील तर त्यांनाही. ही साथ बहुधा अॅडेनोव्हायरसची असते आणि त्याच्यावर साधं क्वाटर्नरी अमोनियम लंगडं पडतं. २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये आळंदीपासून राज्यभर साथ पसरली होती. तसं पुन्हा दिसलं तर हेडसेट सरळ कपाटात.

---

मनोसामाजिक

आधी अपेक्षा जागेवर आणू. व्हीआर उतरवतं ते त्या घटकेचा ताण. बर्नआउट ही वेगळी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११मध्ये ती आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदली आहे: थकवा, कामापासून मनाने तुटणं आणि आपल्याकडून काही होत नाही ही भावना. कारण कामाच्या ठिकाणी न हाताळलेला दीर्घ ताण. आठ मिनिटांच्या धबधब्याने हे हलत नाही. व्यवस्थापनाला हे पहिल्याच बैठकीत लिहून द्या, नाहीतर सहा महिन्यांनी व्हीआर नापास आणि कर्मचारीही नापास.

पुरावा काय आहे? अमेरिकेत ओहायोमध्ये कोविड विभागांतल्या १०२ कर्मचाऱ्यांना तीन मिनिटांचं निसर्गदृश्य व्हीआरमध्ये दाखवलं. २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लगेच विचारलेला ताणाचा आकडा खाली आला. पण तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे श्रेय दृश्याचं किती आणि तीन मिनिटं कुणी हाक मारली नाही याचं किती, हे त्यातून कळत नाही. दुसरं उदाहरण न्यूयॉर्कच्या माउंट सायनायचं. तिथे २०२० मध्ये डेव्हिड पुत्रिनो यांच्या गटाने ‘रिचार्ज रूम’ केल्या. हेडसेट नाहीच. भिंतीवर निसर्गदृश्य, आवाज, सुगंध, मंद प्रकाश, १५ मिनिटं. ४९६ जणांनी स्वतः नोंदवलेला ताण सरासरी ५९.६ टक्क्यांनी घटला. तिथेही तुलनेचा गट नव्हताच. तरी प्रोजेक्टरवर भागत असेल तर चक्कर नाही, पुसणं नाही, एका वेळी चार जण बसतात. निधी खर्च होण्याआधी याचा विचार करा.

मोजमापात सगळेजण पीएसएस-१० (ताणाची दहा प्रश्नांची प्रश्नावली) उचलतात. ती प्रश्नावली ‘गेल्या महिन्यात किती वेळा’ असं विचारते. सेशनच्या आधी आणि दहा मिनिटांनी तीच भरून घेतली तर दोन्ही वेळा तोच महिना, उत्तर बदलणार कसं? लगेचच्या फरकासाठी ० ते १० ची आडवी रेघ, ‘या क्षणी किती ताण वाटतोय’, बस. थोडं जास्त हवं असेल तर स्टेट अँक्झायटी, म्हणजे त्या क्षणीची चिंता मोजणाऱ्या प्रश्नावलीची सहा वाक्यांची आवृत्ती. तिमाहीला एकदा कोपेनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी, १९ प्रश्न, फुकट. बर्नआउटचीच मास्लॅकची २२ प्रश्नांची प्रश्नावली पैसे देऊन घ्यावी लागते. मळमळ, डोळ्यांची ओढ, डोकेदुखी यांचीही नोंद ठेवा, ० ते ३ मध्ये.

तुलनेसाठी एक आठवडा हेडसेट, पुढच्या आठवड्यात तीच खोली, तीच खुर्ची, तीच वेळ, तेच बदली माणूस, फक्त हेडसेट नाही. आठ आठवडे. दोन्ही आठवड्यांत आकडा सारखाच उतरला तर उत्तर मिळालं: स्टाफला सुट्टी हवी होती.

नावं नकोत. सिस्टर ‘८’ लिहितील आणि तो कागद एचआरकडे गेला अशी नुसती कुजबुज झाली तरी पुढच्या आठवड्यात सगळ्यांचे ‘२’ येतील. स्वतः ठरवलेला चार आकडी कोड, बंद पेटी, आणि हेडसेटवर एकच सामाईक खातं. पेटीची किल्ली व्यवस्थापनाबाहेरच्या कुणाकडे तरी.

कुणाला नको: अपस्मार, मायग्रेनचा चालू झटका, चक्कर-व्हर्टिगो. पेसमेकर किंवा श्रवणयंत्र असेल आणि गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारून. कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांना सक्ती नाही. पाण्याखालची दृश्यं काहींना भावतात, काहींचा त्यात श्वास अडकतो, म्हणून पहिलं दृश्य नेहमी मोकळ्या माळाचं. पेशंट हातचा गेला किंवा नातेवाइकांनी अंगावर हात टाकला, अशा वेळी लगेच हेडसेट लावून बसवणं म्हणजे तोंड दाबणं. तिथे बोलायला माणूस लागतं. खोलीत टेलि-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ मोठ्या अक्षरात लावा.

---

मेट्रन_आता_निवांत

‘ज्याला वेळ मिळेल त्याने’ असं लिहिलंत म्हणजे कुणीच नाही. आयसीयूत पेशंट सोडून कोण येणार? व्हेंटिलेटरची सिस्टर हेडसेट लावून बसली आणि मागे पेशंटचं सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पडलं तर मेमो तिला मिळणार, सीएसआरवाल्यांना नाही. फार तर रेसिडेंट डुलकी काढायला येऊन बसतील.

दोन हेडसेटच्या वाचलेल्या पैशांतून एक रिलीव्हर सिस्टर ठेवा, जिची त्या तासांत स्वतःची खाट नाही. तिने येऊन बेडसाइडला ओव्हर (पेशंटची माहिती आणि जबाबदारी) घ्यायची: कोणतं इन्फ्युजन किती एमएलवर, पुढचं सक्शन कधी, अलार्मच्या मर्यादा काय. दोन मिनिटं लागतात, आणि ती सेशनच्या १५ मिनिटांत धरू नका. वेळा माझ्या हिशोबाने दुपारी साडेअकरा ते एक, संध्याकाळी चार ते सहा, रात्री एक ते तीन. राउंड, औषधांच्या वेळा आणि पाळी बदलतानाचा एक तास सोडायचा. नावं ड्युटी लिस्टमध्येच टाका, वेगळ्या वहीत टाकलीत तर वही हरवते. मावशी-मामांचीही त्याच लिस्टमध्ये.

नाइट संपल्यावर सेशन देऊ नका. पहाटेच्या झोपेवर व्हीआर उपाय नाही, २० मिनिटांची आडवी झोप त्याहून बरी. आणि हेडसेट काढल्या काढल्या स्कूटीची किल्ली हातात घ्यायची नाही. नजर आणि तोल ठिकाणावर यायला वेळ लागतो. १५ मिनिटं चहा, मग घर.

---

दुपारपाळी

सगळ्यांचे आभार. रिलीव्हरचा मुद्दा प्रस्तावात पहिल्या क्रमांकावर घेतेय, हेडसेट दोनच. मेट्रन मॅडम, रेसिडेंटांच्या डुलकीचं अगदी खरं!

अजून दोन गोष्टी. तयार अॅपमधली दृश्यं परदेशी आहेत, पाइनची झाडं आणि इंग्रजी बाईचा आवाज. आपल्याकडचं काही चित्रित करता येईल का? आणि ऐन सेशनमध्ये कोड ब्ल्यू (पेशंटचं हृदय बंद पडल्याची तातडीची हाक) झाला तर आतल्या माणसाला कसं बाहेर काढायचं?

---

बायोमेड_कृष्णाकाठ

कोड ब्ल्यू झाला तरी आतल्या माणसाला उठवायचं नाही, रिलीव्हर त्यासाठीच आहे. आगीचा अलार्म वगैरे असेल तर अचानक खांद्याला हात लावू नका, माणूस दचकून हात मारतो. आधी नाव घेऊन हाक, मग खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक, मग हेडसेट वर. आवाज निम्म्यावर ठेवला तर हाक ऐकू जाते.

चित्रीकरण जरूर करा. इन्स्टा३६० एक्स४ सारखा ८के कॅमेरा भाड्याने घ्या. ४के पुरत नाही. चित्र पूर्ण ३६० अंशांत ताणलं जातं, त्यामुळे ४केमध्ये एका अंशाला जेमतेम ११ पिक्सेल येतात आणि झाडी शेवाळासारखी दिसते. ८केमध्ये २१ येतात. कॅमेऱ्याची लेन्स जमिनीपासून ११५-१२० सेंटीमीटरवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी. उभ्या माणसाच्या उंचीवर ठेवलीत तर बघणाऱ्याला अधांतरी वाटतं. स्टँड बारीक, एकखांबी. कॅमेरा आठ मिनिटं जराही हलवायचा नाही. डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोलाच्या यंत्रणेला जाणवत नाही, तिथून मळमळ सुरू होते. रोलरकोस्टरचा घोळ तोच, आणि ड्रोनचाही. कोणतीही वस्तू दीड मीटरच्या आत नको. दोन लेन्सची चित्रं जिथे जुळतात तिथे जवळची फांदी तुटलेली दिसते, म्हणून जोडरेघ मोकळ्या बाजूला फिरवा.

जागा म्हणाल तर आंबोलीचा पाऊस ऐकायला सुंदर, पण थेंब लेन्सवर बसला की अख्ख्या दृश्यात डाग. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत वारा माइक खाऊन टाकतो आणि गर्दीही असते. सकाळी सातच्या आधीचा कोकणातला किनारा, सुरूचं बन, किंवा सरळ गावातला नदीचा घाट बरा. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, माइकला केसाळ वारारोधक घालून. माणसांचं बोलणं नको. मोबाइलची रिंग किंवा रिव्हर्सचा पिपाणीसारखा आवाज आला तर तो तुकडा बाद, मॉनिटरच्या बीपसारखं काहीही आत राहता कामा नये.

---

मनोसामाजिक

आवाजाबद्दल भर. मराठीत, वॉर्डात बोलतो तशा साध्या सुरात, शुद्ध निवेदनाचा थाट नको. पहिलं मिनिट काहीच सूचना नाहीत. मग ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. ‘खोल श्वास घ्या’ म्हणू नका, ‘सावकाश’ म्हणा. खोल म्हटलं की लोक जोरजोराने घेतात, बोटांना मुंग्या येतात आणि दोष हेडसेटवर जातो. श्वास रोखून धरायला सांगू नका, दम्याचे लोक असतात. पाच मिनिटं श्वास, शेवटची दोन मिनिटं पुन्हा नुसता आवाज. शेवटी दृश्य एकदम तोडू नका, पाच सेकंदांत मंद करत न्या आणि सूचना द्या: डोळे मिटा, हेडसेट पुढून वर उचला, अंबाडा फटीतून सोडवा.